सभासदांच्या खात्यावर दरमहा गुण : श्रेणी, हिशेब आणि विश्वास

शासकीय सेवेतील प्रत्येक कर्मचाऱ्याला एक खाते चांगले परिचयाचे असते. ते म्हणजे अर्जित रजेचे खाते. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ अन्वये या खात्यावर वर्षातून दोनदा, १ जानेवारी आणि १ जुलै रोजी, प्रत्येकी पंधरा दिवसांची रजा आगाऊ जमा होते. सहामाहीच्या मध्येच कोणी सेवेत रुजू झाले तर पूर्ण झालेल्या प्रत्येक महिन्यामागे अडीच दिवस धरले जातात. आधीच्या सहामाहीत असाधारण रजा घेतली असेल तर तिच्या एक-दशांश इतके दिवस जमेतून वजा होतात. किती रजा साठू द्यावयाची यालाही मर्यादा घातलेली आहे. दीर्घ सुटीचा लाभ मिळणाऱ्या शिक्षकांचे नियम थोडे निराळे आहेत. पण नियमाने जमा, नियमाने वजावट आणि सेवापुस्तकात त्याची नोंद, हे सूत्र सर्वत्र एकच आहे. कर्मचारी निवृत्त होतो आणि शिल्लक रजेचे पैशात रूपांतर होते, तेव्हा कागदावरचे ते दिवस म्हणजे शासनाच्या तिजोरीवरील खरेखुरे दायित्व होते, हे सर्वांच्या ध्यानात येते.

आज याच धर्तीची खाती सर्वसामान्य ग्राहकाच्या नावावरही उघडली जात आहेत. विमान कंपन्या, बँका, औषधांची दुकाने, कपड्यांची व किराणा मालाची विक्री करणारी संकेतस्थळे आपल्या ग्राहकांना सभासद करून घेतात, त्यांच्या श्रेणी पाडतात आणि श्रेणीप्रमाणे ठरावीक मुदतीने त्यांच्या खात्यावर काही 'पॉइंट' जमा करतात. इंग्रजीत यांना 'लॉयल्टी पॉइंट' असे म्हणतात. प्रस्तुत लेखात आपण त्यांना 'गुण' म्हणू. ग्राहक भांडारे, कर्मचाऱ्यांच्या सहकारी संस्था व महिला बचत गटांची विक्री केंद्रे यांनी संगणकावरील विक्रीची वाट धरली, तर अशी योजना आपणही सुरू करावी काय, हा प्रश्न त्यांच्यापुढे येणे साहजिक आहे. त्याचे उत्तर देण्यापूर्वी या योजनेचा उगम, तिची यंत्रणा आणि तिच्यातील धोके समजून घेणे अगत्याचे आहे.

रॉचडेलचे दुकान

ग्राहकाला त्याच्या खरेदीच्या प्रमाणात काही परत करावे, ही कल्पना नवी नाही. इंग्लंडमध्ये, त्या काळच्या लँकेशायर परगण्यात, रॉचडेल नावाचे गाव होते. तेथील अठ्ठावीस सभासदांनी थोडेथोडे भांडवल गोळा करून २१ डिसेंबर १८४४ रोजी टोड लेन या रस्त्यावर एक लहानसे दुकान उघडले. पीठ, लोणी, साखर, ओटचे भरड पीठ आणि मेणबत्त्या एवढाच माल त्यात होता. आधुनिक सहकारी चळवळीचा आरंभ या दुकानापासून मानला जातो.

या मंडळींनी नफावाटपाचा जो नियम केला, तो आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. भांडवलावर मर्यादित व्याज द्यावयाचे आणि उरलेला वाढावा ज्याने जितकी खरेदी केली असेल त्या प्रमाणात परत करावयाचा, असा तो नियम होता. मताच्या बाबतीत मात्र खरेदी व भांडवल यांचा विचार नव्हता. प्रत्येक सभासदाला एकच मत होते. पुढे इंग्लंडमधील अनेक सहकारी दुकानांत सभासदाच्या खरेदीची नोंद राहावी म्हणून पत्र्याची किंवा पितळेची लहान नाणी दिली जात. ही नाणी घरी साठवून हिशेबाच्या वेळी सादर केली म्हणजे वाट्याची रक्कम मिळत असे. आजच्या गुणांचे हे पूर्वज होत.

महाराष्ट्राला हे तत्त्व अपरिचित नाही. विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगर येथे सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तेव्हापासून घातलेल्या उसाच्या वजनावर शेतकऱ्याचा वाटा मोजण्याची सवय ग्रामीण भागाला जडलेली आहे. दूध संघ दिवाळीच्या सुमारास दूध उत्पादकांना लिटरमागे जो दरफरक देतात, त्याचे तत्त्वही हेच आहे. मुंबईत १९४८ मध्ये कामगारांच्या पुढाकाराने सुरू झालेला अपना बाजार आणि १९७५ मध्ये स्थापन झालेली मुंबई ग्राहक पंचायत या संस्थांनी ग्राहकाला केवळ गिऱ्हाईक न मानता संघटित सभासद मानण्याचा परिपाठ पाडला.

या सर्व उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. आधी व्यवहार होतो, मग हिशेब होतो, वाढावा किती उरला ते कळते आणि त्यानंतर वाटप होते. उरलेच नाही तर वाटपही नाही. गुणांच्या योजनेत हा क्रम उलटा होतो. तेथे वचन आधी दिले जाते आणि नफा झाला की नाही ते मागाहून कळते. या एका फरकातून पुढील बहुतेक सर्व प्रश्न निर्माण होतात.

तिकिटांपासून संगणकापर्यंत

अमेरिकेत १८९६ मध्ये स्पेरी आणि हचिन्सन या नावाच्या कंपनीने हिरव्या रंगाच्या तिकिटांची योजना सुरू केली. दुकानदाराने कंपनीकडून तिकिटे विकत घ्यावयाची, ग्राहकाला त्याच्या खरेदीच्या प्रमाणात ती द्यावयाची आणि ग्राहकाने ती एका वहीत चिकटवीत जावयाची, अशी पद्धत होती. वह्या भरल्या म्हणजे कंपनीच्या सूचिपत्रातील वस्तू मिळत. कित्येक दशके ही तिकिटे अमेरिकन गृहिणींच्या परिचयाची होती. तिकिटांचा खर्च दुकानदार सोसतो असे वरवर दिसे. परंतु तो कोठून तरी भरून काढणे त्याला भाग असे आणि अखेरीस त्याचा भार मालाच्या किमतीवर पडणे अटळ होते.

पुढचे मोठे पाऊल विमान व्यवसायात पडले. १९७८ च्या कायद्याने अमेरिकेतील विमान वाहतुकीवरील दरांचे व मार्गांचे नियंत्रण सैल झाले आणि कंपन्यांत चुरस निर्माण झाली. १ मे १९८१ रोजी अमेरिकन एअरलाइन्सने वारंवार प्रवास करणाऱ्यांसाठी मैलांवर आधारलेली योजना जाहीर केली आणि काही दिवसांतच इतर कंपन्यांनी तिचे अनुकरण केले. संगणकावरील आरक्षणामुळे कोणता प्रवासी किती वेळा प्रवास करतो हे आता कळू शकत होते. ब्रिटनमध्ये १९९५ साली टेस्को या दुकानसाखळीने ग्राहकांना कार्ड देऊन हीच पद्धत किराणा मालाच्या क्षेत्रात देशभर नेली.

येथे एका गोष्टीकडे विशेष लक्ष वेधणे आवश्यक आहे. विमान उडणारच असते. त्यातील एखादे रिकामे आसन गुणांच्या मोबदल्यात दिले तर कंपनीला पडणारा जादा खर्च अल्प असतो. किराणा दुकानदाराने एक किलो साखर गुणांच्या मोबदल्यात दिली तर ती साखर त्याने जवळजवळ त्याच किमतीला विकत घेतलेली असते. म्हणून विमान कंपनीला परवडणारी उदारता भांडाराला परवडेलच असे नाही. मोठ्या कंपनीची योजना पाहून तिची जशीच्या तशी नक्कल करणाऱ्या लहान संस्थेने हा भेद प्रथम ध्यानात घेतला पाहिजे.

श्रेणी कशासाठी?

सभासदांच्या श्रेणी पाडण्याच्या मुख्यतः तीन पद्धती आढळतात. पहिल्या पद्धतीत वर्षभरातील खरेदीवर श्रेणी ठरते. दुसऱ्या पद्धतीत वार्षिक शुल्क भरून वरची श्रेणी घेता येते. तिसरीत सभासदत्वाच्या वर्षांवर श्रेणी ठरते. नावे साधारण, रौप्य, सुवर्ण अशी काहीही असोत. वरच्या श्रेणीला दरमहा अधिक गुण, खालच्या श्रेणीला कमी, हा त्यामागील हेतू असतो.

या रचनेचा ग्राहकाच्या मनावर होणारा परिणाम अभ्यासकांनी तपासला आहे. अमेरिकेतील न्युनेस व ड्रेझ या दोन संशोधकांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मोटार धुण्याच्या केंद्रावरील ग्राहकांवर केला होता. निम्म्या ग्राहकांना आठ शिक्क्यांची कोरी कार्डे दिली. उरलेल्यांना दहा शिक्क्यांची, पण दोन शिक्के आधीच मारलेली कार्डे दिली. दोन्ही गटांना प्रत्यक्षात आठच वेळा यावयाचे होते. तरीही पहिल्या गटातील १९ टक्के ग्राहकांनी कार्ड पूर्ण केले, तर दुसऱ्या गटातील ३४ टक्क्यांनी. आपण काही अंतर चालून आलो आहोत असे वाटले म्हणजे माणूस उरलेले अंतर नेटाने चालतो.

या प्रवृत्तीचा चांगला उपयोगही होऊ शकतो आणि गैरवापरही. सुवर्ण श्रेणीला पाचशे रुपये कमी पडतात म्हणून वर्षअखेरीस नको असलेली वस्तू घेणारा ग्राहक बचत करीत नाही. शंभर रुपयांच्या गुणांसाठी तो पाचशे रुपये खर्च करतो. अर्थशास्त्र अथवा गणित शिकविणाऱ्या शिक्षकांना वर्गात मांडण्यासारखे हे उदाहरण आहे.

दरमहा जमा करण्याची यंत्रणा

संकेतस्थळावर ठरावीक दिवशी शेकडो सभासदांच्या खात्यावर गुण जमा करण्याचे काम संगणक आपोआप करतो. मात्र नियम माणसानेच घालून द्यावे लागतात आणि ते संदिग्ध असले तर संगणक ती संदिग्धता मोठ्या वेगाने सर्व खात्यांत पसरवितो. म्हणून पुढील बाबींचा निर्णय योजना सुरू होण्यापूर्वी लेखी झाला पाहिजे.

पहिली बाब दिनांकाची. सर्वांना महिन्याच्या एकाच तारखेस गुण द्यावयाचे की ज्याने ज्या तारखेस सभासदत्व घेतले त्या तारखेस? दुसरी पद्धत न्याय्य वाटते, पण ३१ जानेवारीस सभासद झालेल्या व्यक्तीला फेब्रुवारीत कोणत्या दिवशी गुण मिळणार? 'त्या महिन्यात ती तारीख नसल्यास महिन्याच्या अखेरच्या दिवशी' असे नियमात नमूद नसेल तर तो सभासद त्या महिन्याच्या जमेला मुकण्याचा संभव असतो. लहान संस्थेला एकच तारीख ठेवणे सोयीचे पडते. मध्येच दाखल होणाऱ्यांसाठी रजेच्या नियमाप्रमाणे पूर्ण महिन्याचे तत्त्व लावता येते.

दुसरी बाब वेळेची. पुष्कळ संगणक-यंत्रणा जागतिक प्रमाण वेळेनुसार चालतात. भारतीय वेळ तिच्यापेक्षा साडेपाच तासांनी पुढे आहे. आपल्याकडे पहिल्या तारखेची मध्यरात्र होते तेव्हा त्या घड्याळात आदल्या दिवसाचे सायंकाळचे साडेसहा वाजलेले असतात. पहिल्या तारखेस मध्यरात्रीनंतर लगेच शुल्क भरून श्रेणी वाढविलेल्या सभासदाचा महिना कोणता, हा वाद टाळावयाचा असेल तर हिशेब भारतीय वेळेनेच होईल याची खात्री आधी करून घ्यावी.

तिसरी बाब दुबार जमेची. रात्री काम चालू असताना वीज गेली किंवा जोडणी तुटली आणि सातशे खात्यांनंतर काम थांबले, तर सकाळी ते पुन्हा सुरू करावे लागते. त्या वेळी पहिल्या सातशे सभासदांना दुसऱ्यांदा गुण मिळता कामा नयेत आणि उरलेले वंचितही राहता कामा नयेत. यावर एक साधा उपाय आहे. प्रत्येक जमेला सभासद क्रमांक, महिना आणि जमेचा प्रकार मिळून एक खूण द्यावी आणि त्या खुणेची नोंद आधीच असेल तर दुसरी नोंद यंत्रणेने स्वीकारू नये. हजेरीपटावर एकाच दिवशी एकाच्या नावापुढे दोन सह्या होऊ न देण्यासारखेच हे आहे.

चौथी बाब नोंदवहीची. काही ठिकाणी सभासदाच्या नावापुढे केवळ शिल्लक आकडा ठेवला जातो आणि तोच बदलत राहतो. ही पद्धत सदोष आहे. बँकेच्या पासबुकाप्रमाणे प्रत्येक जमा, प्रत्येक खर्च, त्याचे कारण आणि दिनांक यांची स्वतंत्र ओळ असली पाहिजे, आणि शिल्लक ही त्या ओळींची बेरीज असली पाहिजे. चुकीने जमा झालेली नोंद खोडू नये. तिच्यासाठी उलट नोंद करावी. ज्या खरेदीवर गुण मिळाले तो माल ग्राहकाने परत केला तर त्याचीही अशीच उलट नोंद व्हावी. लेखापरीक्षकाला आणि सभासदालाही आकडा कोठून आला हे ओळीओळीने दाखविता आले पाहिजे.

पाचवी बाब श्रेणी बदलाची. महिन्याच्या मध्यावर रौप्यमधून सुवर्णमध्ये गेलेल्या सभासदाला त्या महिन्याचे कोणते गुण द्यावयाचे? जमेच्या दिवशी जी श्रेणी असेल तीच धरावी, हा सर्वांत सुटसुटीत नियम होय. श्रेणी खाली येण्याचा नियम अधिक विचारपूर्वक करावा लागतो. वर चढविलेल्या माणसाला खाली उतरविल्याचे दुःख त्याला मूळ श्रेणीतच ठेवण्यापेक्षा अधिक होते. त्यामुळे श्रेणीची मुदत व ती टिकविण्याची अट प्रारंभीच कळविणे आवश्यक आहे.

सहावी बाब मुदतीची. गुण कधीच बाद होणार नसतील तर दायित्व वाढतच जाते. फार लवकर बाद होत असतील तर सभासदाची फसवणूक झाल्यासारखे होते. मुदत ठेवली तर जे आधी जमा झाले ते आधी खर्च झाले असे धरावे, आणि बाद होण्यापूर्वी पुरेसे दिवस अगोदर सूचना द्यावी.

गुणांचे मोल आणि दायित्व

गुणाचे मोल निष्काळजीपणे ठरविल्याचे एक गमतीदार, पण बोधप्रद उदाहरण अमेरिकेत घडले. १९९६ मध्ये पेप्सी कंपनीने शीतपेयांवर गुण देण्याची योजना काढली. जाहिरातीत विनोदाने सत्तर लक्ष गुणांना लढाऊ जेट विमान असे दाखविले होते. योजनेच्या नियमानुसार किमान पंधरा गुण जवळ असल्यास उरलेले दर गुणास दहा सेंट या भावाने विकत घेता येत होते. एका तरुणाने पंधरा गुणांसोबत सुमारे सात लक्ष डॉलरचा धनादेश पाठवून विमानाची मागणी केली. प्रकरण न्यायालयात गेले. जाहिरात हा विनोद होता, तो करार करण्याचा प्रस्ताव नव्हता, असा निर्णय १९९९ मध्ये कंपनीच्या बाजूने झाला. तथापि गुणाला पैशात भाव ठरवून दिला की कोणीतरी गुणाकार करून पाहणारच, हा धडा त्यातून मिळाला.

आपणही एक गुणाकार करून पाहू. समजा, तालुक्याच्या गावी एक ग्राहक भांडार आहे. त्याचे दोन हजार सभासद आहेत. त्यांपैकी १,६०० साधारण, ३०० रौप्य व १०० सुवर्ण श्रेणीत आहेत. दरमहा साधारण सभासदास १०, रौप्यास ४० आणि सुवर्णास १०० गुण द्यावयाचे ठरले. एका गुणाचे मोल केवळ पंचवीस पैसे धरले. महिन्याला अनुक्रमे १६,०००, १२,००० व १०,००० मिळून ३८,००० गुण होतात. त्यांचे मोल ९,५०० रुपये, म्हणजे वर्षाला १,१४,००० रुपये. भांडाराची वार्षिक विक्री एक कोटी रुपयांची आणि सर्व खर्च वजा जाता उरणारा वाढावा दोन टक्के असेल, तर हाती दोन लक्ष रुपये उरतात. पंचवीस पैशांच्या किरकोळ वाटणाऱ्या गुणाने त्यातील निम्म्याहून अधिक रक्कम आधीच बांधून टाकली.

सगळे गुण वापरले जात नाहीत, हे खरे. दर शंभरापैकी सत्तरच वापरले गेले असे धरले तरी वर्षाचा बोजा ७९,८०० रुपये होतो. सभासद गुण विसरतील या आशेवर अर्थसंकल्प बांधणे सुज्ञपणाचे नाही. योजना जितकी यशस्वी, तितकी ही आशा फोल ठरते. हिशेबशास्त्रानेही ही गोष्ट मान्य केली आहे. भारतातील मोठ्या कंपन्यांना लागू असलेल्या आणि १ एप्रिल २०१८ पासून अमलात आलेल्या महसूलविषयक लेखा मानकानुसार, विक्रीबरोबर ग्राहकाला दिलेले असे हक्क ही स्वतंत्र जबाबदारी मानून त्या प्रमाणात उत्पन्न पुढे ढकलावे लागते. लहान संस्थेला ते मानक लागू नसले तरी त्यामागील विवेक तिलाही लागू आहे. जमा झालेल्या, पण न वापरलेल्या गुणांचे मोल दर महिन्यास संचालक मंडळापुढे आकड्यांत मांडले गेले पाहिजे.

सभासद सारखे, गुण वेगळे?

वरील उदाहरणातील आकडे आणखी एका दृष्टीने वाचता येतात. साधारण श्रेणीत ऐंशी टक्के सभासद आहेत, परंतु त्यांच्या वाट्यास एकूण गुणांपैकी ४२ टक्केच येतात. उरलेल्या वीस टक्के सभासदांना ५८ टक्के गुण मिळतात. या गुणांचा खर्च अखेर मालाच्या किमतीतून निघतो. दररोज अर्धा लिटर तेल आणि पाव किलो साखर नेणारी मजूर स्त्री साधारण श्रेणीत राहते. एकदम महिन्याचा किराणा भरणाऱ्या नोकरदाराला वरची श्रेणी सहज मिळते. किमतीत थोडी वाढ करून गुण दिले गेले, तर पहिलीच्या पिशवीतून काढून दुसऱ्याच्या खात्यावर टाकल्यासारखे होते.

खाजगी व्यापारी हा भेद धंद्याचा भाग मानील. सहकारी संस्थेला तसे मानता येणार नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मध्ये एक सभासद एक मत हे तत्त्व आहे आणि निबंधकांच्या पूर्वपरवानगीशिवाय पंधरा टक्क्यांहून अधिक लाभांश देण्यास प्रतिबंध आहे. भांडवल अधिक म्हणून माणूस मोठा, ही कल्पना ज्या कायद्याने दूर ठेवली, तिला खरेदी अधिक म्हणून माणूस मोठा या रूपाने मागच्या दाराने प्रवेश देऊ नये. शिवाय वाढाव्याचे वाटप कायदा व उपविधी यांच्या चौकटीतच करावयाचे असते. म्हणून अशी योजना आखताना निबंधक कार्यालयाचा व लेखापरीक्षकाचा सल्ला आधीच घेणे इष्ट होय.

मग मार्ग कोणता? काही पर्याय सुचविता येतात. दरमहाचे मूळ गुण सर्व सभासदांना सारखे ठेवावेत आणि फरक केवळ प्रत्यक्ष खरेदीच्या प्रमाणात असावा. श्रेणी ठरविताना रकमेपेक्षा सातत्याला महत्त्व द्यावे. वर्षातील बारा महिने थोडीथोडी खरेदी करणारा आणि वार्षिक सभेस उपस्थित राहणारा सभासद संस्थेचा अधिक विश्वासू आधार असतो. गुणांचा एकूण खर्च मागील वर्षीच्या वाढाव्याच्या ठरावीक हिश्श्याबाहेर जाणार नाही, असा ठराव सर्वसाधारण सभेने करावा. आणि ज्यांच्याजवळ मोबाईल संच नाही अशा सभासदांना दुकानातच छापील उतारा मिळावा. नोंद संकेतस्थळावर झाली तरी हक्क माणसाचा आहे, संचाचा नव्हे. या सर्वांपेक्षा साधा असा रॉचडेलचा मार्गही खुला आहेच. वर्षअखेरीस हिशेब करावा आणि उरलेले खरेदीच्या प्रमाणात परत करावे. संगणकाने ते काम पूर्वीपेक्षा कितीतरी सोपे केले आहे.

ग्राहकाने काय पाहावे?

ग्रामपंचायतीचे सदस्य व शिक्षक यांच्याकडे लोक सल्ल्यासाठी येतात. अशा वेळी ग्राहकाला पुढील प्रश्न विचारावयास सांगावे. एका गुणाचे रुपयांत मोल किती? किमान किती गुण साठल्यावर ते वापरता येतात? मुदत किती? शुल्क भरून श्रेणी घ्यावयाची असल्यास त्या शुल्काइतके तरी गुण वर्षात मिळतात काय? शुल्क दर महिन्याला खात्यातून आपोआप वळते होणार असेल तर ते बंद करण्याची रीत कोणती? आणि नियम बदलल्यास आधी जमलेल्या गुणांचे काय होणार?

कायद्याने ग्राहकाला काही संरक्षण दिले आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ हा २० जुलै २०२० पासून अमलात आला. भेट किंवा बक्षीस जाहीर करून ते देण्याचा हेतूच नसणे ही या कायद्यान्वये अनुचित व्यापारी प्रथा आहे. ई-वाणिज्यविषयक २०२० च्या नियमांनुसार अशा विक्रेत्या संस्थेच्या तक्रार अधिकाऱ्याने तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत द्यावयाची असते आणि एका महिन्यात तिचे निवारण करावयाचे असते. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र शासनाने संकेतस्थळांवरील दिशाभूल करणाऱ्या तेरा युक्त्यांना प्रतिबंध करणारी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. खोटी घाई निर्माण करणे आणि सभासदत्व घेणे सोपे पण सोडणे कठीण करून ठेवणे, या युक्त्या त्यांत मोडतात. राष्ट्रीय ग्राहक साहाय्य दूरध्वनी क्रमांक १९१५ असा आहे.

गुणांच्या बदल्यात ग्राहक आणखी एक वस्तू देत असतो; ती म्हणजे स्वतःविषयीची माहिती. कोण काय, केव्हा आणि किती घेते, याची नोंद दुकानदाराच्या दृष्टीने गुणांहून मौल्यवान असते. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये संसदेने स्वतंत्र कायदा केला आहे. संमती ज्या कारणासाठी घेतली त्याच कारणासाठी माहिती वापरावी, हे त्याचे मूलतत्त्व आहे. घरात कोण आजारी आहे हे औषधांच्या खरेदीवरून कळू शकते, एवढे एकच उदाहरण या विषयाचे गांभीर्य पटविण्यास पुरेसे आहे.

उपसंहार

गुणांची योजना स्वतःत चांगली नाही आणि वाईटही नाही. ती एक हिशेबाची रीत आहे. ज्या संस्थेचा हिशेब उघडा, नियम लेखी आणि वचन ऐपतीपुरते आहे, तेथे दरमहा जमा होणारे दहा गुणही सभासदाला संस्थेशी बांधून ठेवतात. जेथे हे नाही, तेथे सुवर्ण श्रेणीचे शंभर गुण मिळूनही सभासद एक दिवस दुसऱ्या दुकानात जातो. अर्जित रजेच्या खात्यावर कर्मचारी भरवसा ठेवतो तो नियम सर्वांना ठाऊक आहेत, नोंद सेवापुस्तकात आहे आणि दिलेले वचन पाळले जाते, एवढ्याच कारणाने. आपल्या गावच्या भांडाराने नवी योजना हाती घेण्यापूर्वी सभासदांची बैठक बोलवावी, फळ्यावर वरीलप्रमाणे गुणाकार मांडावा आणि अर्धा लिटर तेल नेणाऱ्या सभासदाच्या वाट्यास काय येते, ते प्रथम पाहावे. तो आकडा सर्वांसमक्ष वाचून दाखविता आला, तर योजना खुशाल सुरू करावी.